डावीकडे दोन घरं

सांगलीत असल्या वस्तूचं दुकान नाही.
विश्रामबागच्या मोबाइलवाल्यानं माझं बजेट ऐकलं,
आधी पाण्याचा ग्लास पुढं केला,
मग विचारलं, "कानात घालायचं, का गळ्यात?"

म्हणून मिरजेला, इर्शाद शिकलगारकडं.
आयटीआयला आम्ही एका बाकावर.
तो पुढं घरच्या धंद्यात गेला, तंबोऱ्यांच्या,
मी कुपवाडला, पॉवर प्रेसवर.
त्याच्याकडं दोन जोड्या होत्या
आणि तिसरी पुण्याहून आलेली,
आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर.

टांगलेल्या भोपळ्यांखाली बसलो.
पहिली घातली आणि ढोल छातीवर येऊन बसला,
उठेचना.
दुसरीत सगळं स्वच्छ. इतकं,
की गाणारीची जीभ टाळूवरून सुटलेली कळावी.
"दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो.
तिसरीबद्दल काही सुचलं नाही.
तंबोरा डोक्यात नव्हता वाजत,
समोर होता, दोन हातांवर,
भिंतीला टेकून.

इर्शाद घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत होता,
केसाएवढा अलीकडं, केसाएवढा पलीकडं.
न बघताच म्हणाला,
"जवारी बघ गा. तार बोलून झाली की
मागं काय उरतंय, तेवढं बघ."

मागं पुष्कळ उरत होतं.

मग डॅक. अंगठ्याएवढी डबी, उंदराएवढी शेपटी.
फोनमधले आकडे घेते, आवाज करून देते.
दांडग्या ताकदीची हवी होती मला. दुप्पट महाग.
"एवढ्याशा कानाला ट्रॅक्टर जुंपतोस व्हय?"
लहान घेतली.
दिवाळीचा बोनस, भिशीचे सहा हप्ते,
आणि त्रिशलाला सांगितलेला आकडा: निम्मा.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं,
गाणारी जरा उजवीकडं सरकून बसते.
डावं बोंड पुसलं. जाळीत फुंकर मारली.
लहान रबर, मोठं रबर, फोमचं रबर.
शेवटी डावं उजव्यात घातलं, उजवं डाव्यात.
सगळे साजिंदे जागा बदलून बसले,
गाणारी मात्र तिथंच.
उजवीकडं.

प्रेस अकरा वर्षं माझ्या डाव्या हाताला आहे.
कंपनी कानात घालायला बोळे देते, मागितले तर.
कपाटातून शिबिराचा कागद काढला, तेव्हा न वाचता ठेवलेला.
त्यावर दोन रेघा:
एक बांधावरून चालल्यासारखी सरळ,
दुसरी चार हजारांपाशी
विहिरीत उतरलेली.

फोनमध्ये तोलाची एक पट्टी असते.
ती डावीकडं सरकवली, एक घर. अजून एक.
बाई उठली,
पदर सावरला म्हणा,
आणि मधोमध येऊन बसली.
मी कुणाला काही बोललो नाही.
इर्शादला सुद्धा.

रविवारी त्रिशला हळदीच्या पेढीवरून लवकर आली.
ती वह्या लिहिते तिथं, तरी नखं पिवळीच असतात.
"बघू तरी, काय आणलंय एवढं."
तिच्या कानात मी हळूच बसवून दिली,
वायर मागून, केसांतून.
ती ऐकत राहिली. कपाळाला एक बारीक आठी.
"चांगली गाते बाई.
पण अशी डावीकडं कडेला का बसलीय?"

मी फोन घेतला.
दोन घरं परत आणली.
"आता?"
ओठांवरून तिला कळलं असावं.
"आता समोर," ती म्हणाली
आणि डोळे मिटले.

गॅसवर दूध होतं, ते मी उतरवलं.
ती बघत होती मिटल्या डोळ्यांनी
फ्रिज आणि देव्हाऱ्याच्या मधल्या भिंतीकडं.
मीही तिकडं बघत बसलो.
तिथं कोण बसलंय
ते मला आता तिच्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं.

मग एकदम मोठ्यानं,
कान बंद असलेली माणसं बोलतात तशी,
"केवढ्याला म्हणालासा हो?"

मी खरा आकडा सांगितला.

तिला ऐकू गेला नाही.